नावाचा प्रवास आणि लष्करी दप्तरांची साक्ष : फिलोज घराण्याच्या निमित्ताने

ठाणे-कल्याण या प्रदेशाचा इटलीशी असलेला संबंध पुष्कळ जुना आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोच्या वृत्तांतात ठाण्याच्या राज्याचे वर्णन आले. १३२१ मध्ये तोलेन्तिनोचा तोमासो आणि त्याचे सोबती असे चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले आणि त्यांच्या अस्थी पुढे पोर्देनोनेच्या ओदोरिकने चीनपर्यंत नेल्या. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाच्या फौजेबरोबर व्हेनिसचा निकोलाव मनूची दक्षिणेत आला. तो तोफखान्यातील चाकर होता. परंतु साधूला वंश नसतो आणि प्रवासी बहुधा पुढे निघून जातो. परदेशी माणसाचा वंश या भूमीत रुजला तो प्रायः शिपाईगिरीच्या वाटेने. यास्तव एखाद्या कुटुंबाचा इटालियन मूळपुरुष शोधावयाचा झाल्यास अभ्यासक साहजिकच लष्करी दप्तरांकडे वळतो. ही दप्तरे नेमके काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

या विचाराची निकड ठाणे जिल्ह्याइतकी अन्यत्र क्वचितच असेल. वसई, साष्टी व उत्तर कोकण येथील ख्रिस्ती समाजात परेरा, डिसूझा, रॉड्रिग्ज अशी आडनावे रूढ आहेत आणि केवळ त्यांच्या बळावर एखाद्या पोर्तुगीज सरदाराशी नाते जोडण्याचा मोह अधूनमधून दिसतो. वस्तुतः बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे वा पाद्र्याचे आडनाव मिळणे ही तेथील सर्वसामान्य रीत होती. आडनाव हे अशा ठिकाणी धर्मांतराचा पुरावा असते, रक्ताचा नव्हे. नावाच्या साम्यावरून वंश ठरविण्याची ही पद्धत किती निसरडी आहे, हे ताडून पाहण्यास एक उलट उदाहरण उपयोगी पडते. येथे मूळपुरुष खरोखरच इटलीचा होता, त्याचे नाव मराठ्यांच्या इतिहासात गाजले आणि तरीही ते नाव जसेच्या तसे घेऊन इटलीत गेलेल्या शोधकाला रिकाम्या हाताने परतावे लागेल. हे उदाहरण म्हणजे ग्वाल्हेरच्या फिलोज घराण्याचे.

घराण्याचा संस्थापक मायकेल फिलोज हा नेपल्सचा. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून बन्वा द बॉयन्यच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या, त्या व्यवस्थेत तो पुढे आला आणि स्वतंत्र पलटणींचा अधिकारी झाला. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी वानवडीस वारले. त्यानंतर तो दौलतरावांच्या चाकरीत राहिला. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नाना फडणीस दौलतरावांच्या छावणीत भेटीस गेले, तेव्हा त्यांच्या सुरक्षित परतीची हमी फिलोजने दिली होती, आणि त्याच भेटीत नाना पकडले गेले, असे ग्रँट डफने नोंदविले आहे. नानांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली. १७९८ मध्ये ते सुटले व पुन्हा कारभारावर आले. नाना सुटल्यावर फिलोजने मुंबईचा आश्रय घेतला आणि त्याच्या पलटणी फिदेल व जाँ बातिस्त या मुलांकडे गेल्या. फिदेलचा अंत १८०१ मध्ये आत्महत्येने झाला. जाँ बातिस्त मात्र दीर्घकाळ शिंद्यांचा सेनानी राहिला. १८०९ च्या शिंदे-छावणीचे वर्णन करणाऱ्या ब्रॉटनच्या पत्रांत त्याचे नाव वारंवार येते. याच घराण्यातील सर मायकेल फिलोज यांनी जयाजीराव शिंद्यांसाठी ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा बांधला. तो १८७४ मध्ये पूर्ण झाला.

मूळपुरुषाविषयी पुढील लेखकांची सारी भिस्त हर्बर्ट कॉम्प्टन याच्या १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हिंदुस्थानातील युरोपीय लष्करी साहसिकांवरील ग्रंथावर राहिली आहे. कॉम्प्टनच्या मते फिलोज हा हीन कुळातला, मायदेशी खेचरे हाकणारा, पुढे फ्रेंच फौजेत शिरून हिंदुस्थानात आलेला आणि तेथून पळालेला इसम होता. हा ग्रंथ परिश्रमपूर्वक लिहिलेला आहे आणि त्याची उपयुक्तता अद्यापि संपलेली नाही. तथापि त्यातील या चरित्राची छाननी करताना एक भेद कटाक्षाने पाळला पाहिजे. नानांच्या अटकेस तारीख आहे, स्थळ आहे, दोन्ही पक्षांच्या माणसांची साक्ष आहे. खेचरे हाकण्याच्या गोष्टीस यांपैकी काहीच नाही. या कवायती फौजांविषयी कॉम्प्टनने ज्याचा आधार घेतला तो लुई फर्डिनांड स्मिथ स्वतः शिंद्यांच्या फौजेत अधिकारी होता आणि १८०३ च्या युद्धप्रसंगी इंग्रजांकडे गेलेला होता. प्रतिस्पर्ध्यांच्या कुळाविषयी छावणीत जे बोलले जाते, ते सहकाऱ्याच्या लेखणीतून उतरले म्हणून दप्तराच्या योग्यतेचे ठरत नाही.

या चरित्राचा खरा दोष तपशिलात नसून रचनेत आहे. विश्वासघाताची कृती सिद्ध असल्याने तिला साजेसे कुळ आधीच जोडून दिले गेले आहे. जन्म हीन, म्हणून वचन खोटे, असा हा न सांगितलेला अनुमानक्रम आहे. भारतीय वाचकाला हा क्रम ओळखण्यास अवघड जाऊ नये. जन्मावरून शील ठरविण्याची सवय येथेही काही कमी नाही. मराठ्यांच्या इतिहासकाराने नानांच्या अटकेबद्दल फिलोजला दोष द्यावा, परंतु त्यासाठी नेपल्सच्या रस्त्यावरील खेचरांची साक्ष काढण्याचे प्रयोजन नाही.

मग कुळाचा शोध घ्यावयाचा कसा? येथे भाषाशास्त्राचे साहाय्य घेता येते, कारण माणूस ज्या वाटेने येतो त्या वाटेचे ठसे त्याच्या नावावर उमटलेले असतात. अठराव्या शतकातील कवायती फौजांतून याची उदाहरणे विपुल मिळतात. वॉल्टर राइनहार्ट याच्या 'सोंब्र' या टोपणनावाचा समरू झाला, पेराँचा पेरू झाला, स्किनरचा सिकंदर झाला. खुद्द द बॉयन्य हा शांबेरीचा बन्वा लबॉर्न्य. त्याचे रूपांतर हिंदुस्थानच्या कारकुनाने केले नाही, ते त्याने स्वतःच केले. म्हणजे नावातील बदल तीन प्रकारचे असतात : ऐकणाऱ्याच्या ध्वनिव्यवस्थेमुळे झालेले, ओळखीच्या शब्दाकडे ओढले गेलेले, आणि नावाच्या धन्याने हेतुपूर्वक केलेले. पहिला प्रकार नियमबद्ध असल्याने उलट दिशेने सोडविता येतो. दुसऱ्यात नियम अंशतःच चालतो. तिसऱ्यात नियम चालत नाही. तेथे कागदच हवा.

फिलोज या नावाचे इंग्रजी लेखन जुन्या साधनांत कधी 'झेड' या अक्षराने, तर कधी 'एस'ने केलेले आढळते. 'एस' संदिग्ध आहे, कारण इंग्रजीत दोन स्वरांमधील या अक्षराचा उच्चार दोन्ही प्रकारे होतो. 'झेड' मात्र निःसंदिग्ध आहे. ज्याने ते लिहिले त्याच्या कानी घोष ध्वनी पडला होता. आता नेपल्सच्या बोलीत दोन स्वरांमधील स-कार अघोष राहतो. तो घोष होतो फ्रेंचमध्ये. शिवाय इटालियन आडनावे सामान्यतः स्वरान्त असतात. नेपल्सच्या परिसरात फिलोसा हे आडनाव प्रचलित आहे. फ्रेंच मुखात त्याचा अन्त्य स्वर लोपून आणि स-कार घोष होऊन जे रूप सिद्ध होईल ते नेमके फिलोज हेच. मुलांच्या नावांकडे पाहिले तरी हीच दिशा दिसते. फेदेले व जोव्हान्नी बात्तिस्ता अशी इटालियन रूपे न येता फिदेल व जाँ बातिस्त ही फ्रेंच रूपे रूढ झाली.

या अनुमानाची मर्यादा स्पष्ट ठेवली पाहिजे. एवढ्यावरून मायकेलचे मूळ आडनाव फिलोसा होते असे सिद्ध होत नाही. ज्या मंडळीत तो वावरला त्या मंडळीची भाषा फ्रेंच होती, एवढेच सिद्धीच्या जवळ जाते. परंतु ही छोटी सिद्धी शोधाची दिशा बदलण्यास पुरेशी आहे. नेपल्सच्या नोंदींत फिलोज शोधणे व्यर्थ होय, आणि नेपल्सपूर्वी फ्रान्सकडे जाणे क्रमप्राप्त होय.

फ्रेंच सैन्यात १७१६ पासून शिपायांच्या नामावळ्या ठेवण्याची पद्धत होती. त्यांत शिपायाचे नाव, लष्करात मिळालेले टोपणनाव, जन्मस्थान, वय, उंची व चेहऱ्याच्या खुणा नोंदविल्या जात. उद्देश वंशावळीचा नव्हता. पळून गेलेला शिपाई ओळखता यावा आणि एकाच माणसाने दोनदा भरतीचे पैसे घेऊ नयेत, हा होता. आपल्याकडील चेहरेपट्टीचे प्रयोजनही हेच. फौजेतून पळालेल्या माणसाची नोंद पळून गेल्यामुळेच अधिक काटेकोर असण्याचा संभव असतो, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे. कॉम्प्टनचे म्हणणे खरे असेल तर त्याचा पुरावा तेथेच मिळावा, आणि खोटे असेल तर तेही तेथेच उघडे पडावे.

त्यानंतरचा टप्पा नेपल्सचा. इटलीतील कुटुंबांचा शोध घेणारे आज सक्तीच्या भरतीच्या याद्या आणि शिपायांच्या सेवापत्रांची नोंदणी पुस्तके पाहतात. ही साधने एकोणिसाव्या शतकातील व त्यानंतरच्या पुरुषांसाठी फार उपयुक्त आहेत. परंतु १८६१ पूर्वी इटली हे एक राज्य नव्हते आणि नेपल्सच्या राज्यात नागरी जन्मनोंदणीही १८०९ पासूनची. अठराव्या शतकातील नेपल्सच्या माणसासाठी चर्चच्या बाप्तिस्मा-वह्यांखेरीज दुसरा भरवशाचा आधार नाही, आणि तेथे नाव शोधण्यास गाव ठाऊक असावे लागते. गाव सांगू शकते ती फ्रेंच नामावळी. सरकारी कागदांची आणखी एक अडचण आहे : ३० सप्टेंबर १९४३ रोजी जर्मन सैनिकांनी नोलाजवळ सुरक्षिततेसाठी हलविलेला नेपल्सच्या अभिलेखागारातील अत्यंत मोलाचा संग्रह जाळून टाकला. एका युद्धाचे कागद दुसऱ्या युद्धात नष्ट होतात. म्हणून एकाच दप्तरावर विसंबणारा शोध दुबळा असतो.

मराठी दप्तरांचे स्थान या क्रमात कोणते? मोडी कागदांत युरोपीय माणूस फिरंगी, फरासीस, इंग्रज, वलंदेज किंवा नुसता टोपीकर म्हणून येतो. नेपल्सचा माणूस फ्रेंचांच्या सोबतीने आला की तो फरासिसांत मोडावा, हे स्वाभाविक होते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळला जात नाही, शब्द तोडून लिहिले जात नाहीत, आणि मराठी ज-कार दोन उच्चारांना एकच अक्षर पुरवितो. उच्चाराच्या सूक्ष्म भेदासाठी या कागदांकडे जाणे म्हणून फलदायी नाही. परंतु कंपू, पलटणी, तैनात, रोखा आणि तारीख यांबाबत हेच कागद सर्वांत विश्वसनीय, कारण तेथे चूक झाली तर पैशाचा घोळ होई. कारकुनाला शिपायाचा बाप कोण याच्याशी कर्तव्य नव्हते. त्याला किती रुपये, कोणाच्या हस्ते, कोणत्या महिन्याचे, एवढ्याशी होते. त्याच्या या निर्विकारपणातच त्याच्या साक्षीचे मोल आहे. एका नावाची दोन रूपे एकाच माणसाची की दोन माणसांची, हा प्रश्न नावांच्या साम्याने सुटत नाही; ती दोन्ही रूपे एकाच पलटणीच्या हिशेबात, लागोपाठच्या महिन्यांत आणि सारख्याच रकमेपुढे आढळली तर सुटतो.

लष्करी दप्तरांची एक उणीव मात्र कोणत्याही पद्धतीने भरून निघणारी नाही. त्यांत स्त्रिया नाहीत. फिलोज घराणे पिढ्यानपिढ्या ग्वाल्हेरात राहिले. शिंद्यांची चाकरी, तेथील भाषा आणि तेथील संसार यांतून ते घडले. 'इटालियन मूळपुरुष' हा शब्दप्रयोग त्या साऱ्या वंशातून एकच पूर्वज वेचून काढतो, कारण त्याच एकाला पगार मिळत होता आणि म्हणून त्याचेच नाव लिहिले गेले. चार पिढ्या मागे गेल्यावर माणसाचे सोळा पूर्वज होतात. त्यांपैकी एक नेपल्सचा असणे ही माहिती आहे, ओळख नव्हे. ठाणे-वसईकडील ज्या कुटुंबांस पोर्तुगीज शिपायाची आस लागते, त्यांनाही हाच हिशेब लागू पडतो. त्यांच्या आज्या-पणज्यांची नावे गावच्या चर्चच्या वहीत अधिक निश्चितपणे सापडतील, आणि ती वही लिस्बनपेक्षा जवळ आहे.

अशा संशोधनात क्रम पाळला पाहिजे. प्रथम नावाच्या प्रत्येक उपलब्ध रूपाची तारीखवार मांडणी, नंतर ते रूप कोणत्या भाषेच्या माणसाने लिहिले याचा निर्णय, नंतर मधल्या भाषेचा शोध, आणि सर्वांत शेवटी मूळ गावाची वही. मराठ्यांच्या चाकरीतील युरोपीयांपुरती यांपैकी पहिली पायरी पुण्याच्या पेशवे दप्तरात सुरू होते, आणि तेथे जाण्यास कल्याणच्या विद्यार्थ्याला परदेशाचा परवाना लागत नाही. लागते ते मोडीचे ज्ञान. ते ज्ञान असलेला एक वाचक अशा घराण्यांच्या इतिहासात जी भर घालील, ती कॉम्प्टनच्या पानांची पुनरावृत्ती करणाऱ्या दहा चरित्रकारांकडून होणार नाही.