त्वेरचे उरलेले

अफानासी निकितीन मराठी इतिहासवाचकाला परका नाही. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो चौलला उतरला, जुन्नरला राहिला, बिदरला पोचला. बहमनी काळातील बाजार, घोड्यांचा व्यापार, सरदारांचा थाट यांसाठी आपण त्याचा हवाला देतो. मात्र तो ‘त्वेरचा व्यापारी’ एवढे म्हणून पुढे जातो. हे त्वेर काय होते, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

व्होल्गाकाठचे हे संस्थान मंगोल स्वारीनंतर झपाट्याने वर आले. १२८५मध्ये तिथे दगडी कॅथेड्रलचा पाया घातला गेला. स्वारीने होरपळलेल्या ईशान्य रशियात दगडी बांधकामाला पुन्हा सुरुवात झाली ती इथे. चौदाव्या शतकाच्या आरंभीची त्वेरची एक सचित्र पोथी उपलब्ध आहे. बायझंटाइन इतिहासकार जॉर्ज हामार्तोलोस याच्या बखरीची ही प्रत असून तिच्यात १२७ चित्रे आहेत. आरंभीच्या चित्रात सिंहासनस्थ ख्रिस्ताच्या दोन बाजूंना राजा मिखाईल आणि त्याची आई क्सेनिया उभी आहेत. जगाच्या इतिहासाच्या दाराशीच स्वतःला उभे करणारा हा राजवंश आपली पायरी ओळखून होता, असे म्हणता येणार नाही.

त्याची किंमत त्यांनी मोजली. १३१८मध्ये मिखाईलला मंगोल छावणीत ठार करण्यात आले. १३२७मध्ये त्वेरने उठाव केला, तेव्हा तो चिरडायला आलेल्या मंगोल फौजेबरोबर मॉस्कोचा इवान कलिता होता. पुढे त्याने त्वेरच्या कॅथेड्रलची घंटाही मॉस्कोला नेली.

कलेतिहासाच्या पुस्तकांत त्वेरला बहुधा नोव्हगोरोद आणि मॉस्को यांच्यामधली एक ‘प्रांतीय’ शैली म्हणून जागा मिळते. माझा आक्षेप इथे आहे. राजकारणाचा निकाल आपण नकळत कलेच्या मूल्यमापनात आणतो. राजा बोरिस (१४२५–१४६१) याचा शिकारीचा भाला पाहा. त्याच्या चांदीच्या मढणीवर माणसांची दृश्ये कोरलेली आहेत. भिक्षू फोमाने याच बोरिसवर स्तुतिग्रंथ लिहिला आणि त्याला थोर सम्राटांच्या पंक्तीला बसवले. मरियेच्या देहावसानाचे त्वेरचे पटचित्र तर तिथल्या निळाईमुळेच ‘निळे’ म्हणून ओळखले जाते. ही दुय्यम दरबाराची भाषा नव्हे.

मग ती तशी का भासते? कारण ती पाहायला आपल्याला मॉस्कोलाच जावे लागते. पोथी तिथल्या ग्रंथालयात, भाला क्रेमलिनच्या शस्त्रागारात, पटचित्र त्रेत्याकोव्ह संग्रहालयात. १२८५च्या कॅथेड्रलच्या जागी सतराव्या शतकात उभी राहिलेली इमारतही १९३५मध्ये पाडली गेली. आज दिसते ती नव्याने बांधलेली.

निकितीनचेही तेच झाले. परतताना स्मोलेन्स्क गाठण्याआधीच तो वारला. त्याच्या वह्या मॉस्कोच्या दप्तरदाराकडे पोचल्या आणि तिथल्या बखरीत १४७५ सालाखाली नोंदल्या गेल्या. दहा वर्षांनी, १४८५मध्ये, त्वेर मॉस्कोत विलीन झाले.

त्या वह्यांत एके ठिकाणी तो तुर्की मिश्रित भाषेत रशियन भूमीसाठी प्रार्थना करतो. तिच्यासारखी भूमी नाही म्हणतो, पण तिथले सरदार न्यायी नाहीत, असेही नोंदवतो. ही मॉस्कोविरुद्धची तक्रार आहे असे म्हणायला पुरावा नाही. तरीही हे वाक्य ‘एका रशियन प्रवाशाचे’ म्हणून वाचणे आणि बुडू घातलेल्या राज्याच्या प्रजाजनाचे म्हणून वाचणे, यांत फरक पडतो. आपल्या जुन्नर-चौलचा साक्षीदार म्हणून त्याला उभे करताना त्याचे गाव विसरणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि साक्षीचे वजनही त्याने कमी होते.