सुवा नृत्य : रंगमंच की अंगण?
नवा रायपुरातील पुरखौती मुक्तांगणाचे उद्घाटन २००६ साली झाले. रायपुरात २०१९ साली राष्ट्रीय आदिवासी नृत्य महोत्सवही भरला. नृत्यपरंपरेचे हे पुनरुज्जीवन स्तुत्य खरे. परंतु तिचा प्राण रंगमंचावर टिकतो काय?

छत्तीसगढचे सुवा नृत्यच पाहा. दिवाळीच्या सुमारास स्त्रिया टोपलीत मातीचा राघू घेऊन दारोदार जातात, त्याभोवती टाळ्यांच्या तालावर फेर धरतात. घरधनीण त्यांना धान्य वा पैसे देते. येथे प्रेक्षक नाही, यजमान आहे. रंगमंच नेमके हेच नाते तोडतो. खिरापत ओळखायला लावणारे घर नसेल, तर आपल्या भोंडल्याचा फेरही निव्वळ कवायत ठरेल.

म्हणून परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हांस महोत्सवातील आसनापेक्षा आपल्या घराचे उघडे दार अधिक मोलाचे वाटते.