ग्राहक किंमत निर्देशांकातील घर : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

घरांच्या किमती वाढत असताना ग्राहक किंमत निर्देशांक त्यांची दखल घेत नाही, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. त्याचे शास्त्रीय उत्तर ठरलेले आहे : घर ही मालमत्ता असून तिच्यापासून मिळणारा निवारा हाच उपभोग होय, म्हणून किंमत नव्हे, भाडे मोजावे. जमिनीपुरते हे उत्तर प्रस्तुत लेखकास मान्य आहे. भूखंडाचा भाव दुप्पट झाल्याने त्याच्या मालकाचा जीवननिर्वाह महाग होत नाही. परंतु भाडे तरी नीट मोजले गेले काय?

2012 या पायाभूत वर्षाच्या मालिकेत घराचा भार शहरी निर्देशांकात 21.67 टक्के, तर ग्रामीण निर्देशांकात शून्य होता. 2011 च्या जनगणनेनुसार गोंदिया जिल्ह्याची सुमारे 83 टक्के लोकसंख्या ग्रामीण आहे. तिचे घर निर्देशांकात नव्हतेच. शहरी नमुन्यात शासकीय निवासस्थानेही होती आणि कर्मचाऱ्याने सोडलेला घरभाडे भत्ता हा त्यांच्या भाड्याचा भाग धरला जाई. परिणामी, सातव्या वेतन आयोगानुसार केंद्राने जुलै 2017 पासून भत्ता वाढविताच महागाई वाढल्याचे दिसू लागले. रिझर्व्ह बँकेस हा सांख्यिकीय परिणाम बाजूला ठेवून विचार करावा लागला. भत्ता वाढला म्हणून क्वार्टरमधील कर्मचाऱ्याच्या खिशातून मात्र एक रुपयाही अधिक गेला नव्हता!

फेब्रुवारी 2026 मध्ये आलेल्या 2024 पायाभूत वर्षाच्या मालिकेत ग्रामीण भाडे समाविष्ट झाले व नियोक्त्याने दिलेली निवासस्थाने वगळली गेली. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, पुरेशी नाही. सालेकसा, देवरी वा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील खेड्यात भाड्याने कोण राहतो? बहुधा बदलीवर आलेला शिक्षक, ग्रामसेवक, बँकेचा कर्मचारी. धान पिकविणारे कुटुंब स्वतःच्या घरात राहते. कवेलू उतरवून स्लॅब टाकावयाचा, तर त्याचा हिशेब सिमेंट, लोखंड, रेती, विटा आणि मिस्त्रीच्या मजुरीचा असतो. शिक्षकाच्या खोलीचे भाडे या खर्चाचे प्रतिनिधी कसे ठरावे?

ऑस्ट्रेलियाचा निर्देशांक 1998 पासून जमीन वगळून नव्या घराची किंमत मोजतो. आपल्या ग्रामीण निर्देशांकासाठी हीच पद्धत अधिक योग्य आहे. बांधकाम ही गुंतवणूक होय, हा आक्षेप येथे फारसा टिकत नाही, कारण खेड्यातील घर विकण्यासाठी क्वचितच बांधले जाते. प्रश्न केवळ तात्त्विकही नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागासाठी 2016 मध्ये सपाट प्रदेशात 1.20 लाख व दुर्गम प्रदेशात 1.30 लाख रुपये साहाय्य ठरले. त्या रकमेत आज किती भिंत उभी राहते, हे भाड्याचा निर्देशांक सांगू शकत नाही.