यादीबाहेरचे शिसे

दूषित जमीन ‘साफ’ झाली असे कागदावर लिहिलेले असते, तेव्हा त्याचा अर्थ मर्यादित असतो. काही पदार्थांची यादी घेतली, त्यातला एकेक मातीत शोधला आणि तो ठरलेल्या पातळीखाली आणला, एवढाच तो अर्थ. यादी कोणी केली, कशासाठी केली आणि ती कुठे संपते, हे विचारल्याशिवाय ‘साफ’ हा शब्द वाचू नये. हाँगकाँगच्या जुन्या काई ताक विमानतळाविषयीची सरकारी कागदपत्रे वाचता वाचता माझे हे मत पक्के होत गेले. मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाही. अहवाल मिळवायचे आणि कोशाच्या मदतीने वाचायचे, हेच माझे शिक्षण. त्यामुळे आकड्यांइतकेच माझे लक्ष अहवालांच्या भाषेकडे असते, आणि मला सांगायचे आहे तेही त्या भाषेविषयीच.

काई ताक ६ जुलै १९९८ रोजी बंद झाला आणि विमाने चेक लाप कोकच्या नव्या विमानतळावर गेली. शहराच्या मध्यावर, समुद्रात शिरलेल्या धावपट्टीसह मोठी जमीन मोकळी झाली. आज तिथला पुनर्विकास सुमारे ३२० हेक्टरांचा आहे. त्याच वर्षी १ एप्रिलपासून हाँगकाँगमध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा कायदा लागू झाला होता. विमानतळ मोडीत काढणे हेसुद्धा त्या कायद्याच्या कक्षेत येत असल्यामुळे मातीची तपासणी टाळता येण्यासारखी नव्हती. जिथे विमाने उभी राहत, दुरुस्त होत आणि इंधन भरत, त्या उत्तरेकडच्या भागात जमिनीत विमानाचे इंधन मुरलेले होते.

ही माती साफ करण्याची पद्धत समजायला अवघड नाही. भूजलाच्या पातळीखाली नळ्यांतून हवा सोडतात. बुडबुडे वर येताना इंधनाची वाफ सोबत आणतात. वरच्या थरात रोवलेल्या दुसऱ्या नळ्या ती वाफ ओढून घेतात आणि शुद्ध करून मगच बाहेर सोडतात. जी माती खणून काढावी लागते तिचे ढीग रचून त्यांना हवा आणि पोषकद्रव्ये पुरवतात; बाकीचे काम मातीतले जिवाणू करतात. डोंगराएवढी माती ट्रकांत भरून दुसऱ्याच्या दारात टाकण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी शहाणपणाचा. या कामाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही.

प्रश्न मोजपट्टीचा आहे. त्या काळी हाँगकाँग नेदरलँड्सची मानके वापरत असे. ती मानके तिथल्या अनुभवातून आली होती. १९८० च्या सुमारास लेकरकेर्क या गावात रासायनिक कचऱ्यावर घरे बांधलेली आढळली, रहिवाशांना हलवावे लागले आणि मग डच सरकारने अ, ब, क अशा तीन पातळ्या ठरवल्या. हाँगकाँगने त्यातली ‘ब’ पातळी १९९४ च्या मार्गदर्शिकेत घेतली. नेमक्या त्याच सुमारास खुद्द डच लोक ती पद्धत बदलून नवी आणत होते. उसनी मोजपट्टी वापरण्यात गैर काही नाही. पण ती कोणत्या प्रश्नासाठी बनली होती, हे तिच्यावर लिहिलेले नसते.

२००७ मध्ये हाँगकाँगने स्वतःची पद्धत आणली. तिच्यात ५४ रसायने आहेत आणि जमिनीच्या वापराचे चार प्रकार: शहरी निवास, ग्रामीण निवास, उद्योग आणि सार्वजनिक उद्यान. म्हणजे तीच माती एका वापराला चालते, दुसऱ्याला नाही. माणूस मातीच्या संपर्कात कसा येईल, धूळ श्वासात जाईल का, मूल मातीचा हात तोंडात घालेल का, असा विचार त्यामागे आहे आणि तो योग्य आहे. हाँगकाँगमध्ये भूजल पीत नाहीत, म्हणून पिण्याच्या पाण्याची वाट या हिशेबातून वगळलेली आहे. तेही तर्कशुद्धच. पाणी नळाने येते आणि नळ दुसऱ्या खात्याकडे असतो! शिवाय विमानतळांवर आग विझवायला वापरल्या जाणाऱ्या फेसातली फ्लोरिनयुक्त रसायने त्या ५४ मध्ये नव्हती. शिसे मात्र होते.

आता २०१५ चा जुलै महिना पाहू. साफ केलेल्या त्याच उत्तर भागावर काई चिंग ही सरकारी भाड्याची वसाहत उभी राहिली होती. पाच हजारांवर घरे, आणि लोक राहायला येऊन दोनच वर्षे झालेली. तिथल्या नळाच्या पाण्यात शिसे सापडले, जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला १० मायक्रोग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त. मुलांची आणि गरोदर बायकांची रक्ततपासणी सुरू झाली. पुढे शहरातल्या एकूण ११ सरकारी वसाहतींत तोच प्रकार आढळला. कारण जमिनीत नव्हते. तांब्याच्या नळांचे सांधे जोडताना शिसेयुक्त डाख वापरला गेला होता. करारात शिसेविरहित डाखाची अट होती. पण नव्या नळजोडणीचे पाणी तपासायचे ते रंग, गढूळपणा, क्लोरीन, जंतू अशा गोष्टींसाठी. त्या यादीत शिसे नव्हते. ते घातले गेले या प्रकरणानंतर.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. मातीच्या यादीत शिसे होते, पाण्याच्या यादीत नव्हते. ज्या मातीला त्या उंच इमारतीतल्या मुलाचा हात क्वचितच लागणार, तिच्याबद्दल खंडच्या खंड लिहिले गेले. जो पेला रोज त्याच्या ओठांना लागणार, त्याच्याबद्दल ओळही नव्हती. मे २०१६ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातून दिसते ते हेच, की दक्षता दुसरा कोणी घेत असेल यावर प्रत्येकाने विसंबून राहायचे. मातीचे अहवाल मी पुन्हा वाचले, तेव्हा तीच मनोवृत्ती तिथेही सभ्य भाषेत दिसली. ‘या अभ्यासाच्या कक्षेबाहेर’ हा शब्दप्रयोग प्रत्येक अहवालात भेटतो. कक्षेबाहेरचे ते कोणाच्या कक्षेत आहे, हे मात्र लिहिलेले नसते.

यावर एक रास्त उत्तर येईल. सगळेच तपासणे शक्य नाही, यादी कुठेतरी थांबणारच. मान्य. मग ती कुठे थांबली, हे रहिवाशाला कळेल अशा भाषेत लिहावे. काय तपासले, काय तपासले नाही, आणि न तपासलेले कोणाच्या जबाबदारीवर आहे, एवढी तीन कलमे पुरेत. असा एक कागद घराच्या किल्लीबरोबर मिळायला हवा, चिनी भाषेत आणि मोठ्या अक्षरांत. अहवाल मंजूर करणारे खाते तो एकदाच वाचते. त्या जमिनीवर राहणाऱ्याला त्याच्या निष्कर्षांवर रोज विसंबावे लागते, म्हणून पहिला वाचक तोच मानला पाहिजे.