मनोपचाराच्या मराठीतील ‘येणे’ आणि ‘घेणे’

‘ठाणे’ हे स्थलनाम मराठी बोलीत दीर्घकाळ एका निराळ्याच अर्थाने वावरत आले आहे. ‘याला आता ठाण्याला पाठवा’ या थट्टेत शहर अभिप्रेत नसते. १९०१ साली तेथे स्थापन झालेले मनोरुग्णालय अभिप्रेत असते. पुण्याकडे हेच कार्य ‘येरवडा’ करतो. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था स्थापिली, आणि घरोघरची मानसिक अस्वस्थता हाही उपचाराचा विषय आहे ही जाणीव रुजविली. त्यांच्या ‘शहाण्यांचा सायकिअ‍ॅट्रिस्ट’ या पुस्तकाचे नाव या स्थित्यंतराचे द्योतक होय. मात्र ते नाव ज्या ‘शहाणा–वेडा’ या विरोधावर उभे आहे, तो विरोध जुनाच आहे. संकोचणाऱ्या वाचकाला त्यातून दिलासा मिळतो. तीव्र आजाराने ग्रासलेला मनुष्य मात्र त्या दिलाशाच्या बाहेर राहतो.

नामे बदलल्याने दृष्टी बदलतेच असे नाही. ‘वेड्यांचे इस्पितळ’ जाऊन ‘मनोरुग्णालय’ आले; १९१२ च्या वेडेपणाविषयीच्या कायद्यापासून २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमापर्यंत मजल गेली. परंतु नाम आणि वस्तू यांची गती एक नसते. घोडबंदर रस्त्यावरील मानपाड्यात उंच इमारती उभ्या राहिल्या, तरी नावातला ‘पाडा’ टिकून आहे. उलट नाव नवे होऊनही आतील समजूत जुनीच राहू शकते. ती समजूत शोधावयाची तर नामांपेक्षा क्रियापदांकडे वळले पाहिजे.

‘मला राग येतो’, ‘मला भीती वाटते’, ‘मला कंटाळा आला’ या वाक्यांत अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत आहे, तर कर्तृपद भावनेकडे आहे. भावना येते, मनुष्य तिचे आगमन सोसतो. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मांडलेल्या आणि डॉ. कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांना परिचित करून दिलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा रोख याच्या उलट आहे. प्रसंग मनुष्याला अस्वस्थ करीत नाही. प्रसंगाविषयीच्या हट्टी समजुतींनी तो स्वतःला अस्वस्थ करतो, असे हा विचार सांगतो. मराठीला हा विचार परका आहे काय? तसे दिसत नाही. ‘मनाला लावून घेणे’, ‘त्रास करून घेणे’, ‘समजूत करून घेणे’ या प्रयोगांतील ‘घेणे’ क्रियेचे फळ कर्त्याकडेच वळविते. एलिस यांना जे सिद्धान्तरूपाने सांगावे लागले, ते या सहायक क्रियापदात बीजरूपाने आहे. मराठी मनोपचारपर लेखनाने संस्कृतप्रचुर परिभाषा घडविताना या घरच्या सामग्रीचा पुरेसा उपयोग केलेला नाही.

तथापि येथेच सावधगिरीची गरज आहे. ‘एवढे लावून घेऊ नकोस’ हे वाक्य घराघरांत सांत्वन म्हणून उच्चारले जाते, आणि ऐकणाऱ्याला ते बहुधा आरोपासारखे लागते. सल्ला देणाऱ्या पुस्तकांतील आज्ञार्थांची रेलचेल हा दोष वाढविते. तीव्र नैराश्यात झोप, भूक आणि विचारांची गती यांवरही परिणाम होतो. पुष्कळदा औषधांची आवश्यकता असते. अशा वेळी केवळ ‘घेणे’ची भाषा बोलणे म्हणजे आजाऱ्यालाच आजाराचा कर्ता ठरविणे होय. त्याच्या ‘मला सहन होत नाही’ या वाक्यातील चतुर्थी ही पळवाट नव्हे. ते त्याच्या स्थितीचे यथार्थ वर्णन आहे.

दैनंदिन सवयींविषयीच्या लेखनातही हाच भेद आढळतो. ‘मन लागत नाही’ असे म्हणणाऱ्याला ‘मन रमव’ असे सांगितले जाते. ‘रमणे’चे प्रयोजक रूप करून व्याकरण सहज मोकळे होते, थकलेला मनुष्य तसा होत नाही. आजचे मानसोपचार येथे निराळा क्रम सुचवितात: उत्साहाची वाट न पाहता थोडे चालणे, ठरल्या वेळी उठणे, एखाद्याशी बोलणे अशी लहान कृती आधी, मनाचे लागणे मागाहून. म्हणजे ‘मन रमव’ऐवजी ‘थोडे चालून ये, मन लागले नाही तरी चालेल’ असे म्हणणे अधिक शास्त्रशुद्ध, आणि अधिक मराठीही आहे.

सारांश, मराठी मनोपचारपर गद्याने ‘येणे’ आणि ‘घेणे’ या दोहोंपैकी एकाची निवड करू नये. त्यांचा क्रम ओळखावा. प्रथम ‘तुला त्रास होतो आहे’ हे मान्य व्हावे. त्यानंतरच ‘त्यातला किती आपण करून घेतो, ते पाहू’ असे म्हणण्याचा अधिकार प्राप्त होतो. या वाक्यातील ‘आपण’ हे सर्वनामही दुर्लक्षण्याजोगे नाही. ते सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या शेजारी बसविते.