दाबाचा अंक आणि त्याचे वाचन

मराठीत ‘शॉक’ म्हटले की मनाला बसलेला धक्का किंवा विजेचा झटका आठवतो. वैद्यकात मात्र शरीरातील अवयवांना पुरेसे रक्त न पोचण्याच्या अवस्थेला हे नाव आहे. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानंतर ही अवस्था उद्भवली म्हणजे रक्तदाब उतरतो, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. परंतु ही लक्षणे परस्परविरुद्ध कारणांनी संभवतात. द्रव उणा पडला असेल, तर सलाईनने रुग्ण सावरतो. हृदयच दुबळे झाले असेल, तर तेच सलाईन फुप्फुसांत साचून प्राणावर बेतते. एका नावाखाली दोन अर्थ वावरतात, आणि त्यांचा निर्णय घटकाभरात करावयाचा असतो.

या संदिग्धतेवर १९७० साली स्वान व गान्झ यांनी लॉस एंजेलिस येथे उपाय योजला. टोकाशी लहानसा फुगा असलेली त्यांची नळी रक्तप्रवाहाबरोबर फुप्फुसरोहिणीच्या शाखेत जाऊन बसते व हृदयाच्या डाव्या बाजूच्या दाबाची अप्रत्यक्ष वार्ता देते. १९७६ मध्ये फॉरेस्टर, डायमंड, चॅटर्जी व स्वान यांनी या मापनावर रुग्णांचे चार वर्ग उभारले. शरीराच्या दर चौरस मीटरमागे मिनिटाला २.२ लिटर रक्तप्रवाह ही एक सीमारेषा, आणि १८ मिलिमीटर पाऱ्याचा दाब ही दुसरी. प्रवाह व दाब दोन्ही उणे असतील, तर द्रव द्यावा. प्रवाह उणा पण दाब अधिक असेल, तर देऊ नये. पहिल्या वर्गात मृत्यूचे प्रमाण शेकडा ३, तर चौथ्यात शेकडा ५१ आढळले. अस्ताव्यस्त अनुभवाला इतके सुटसुटीत व्याकरण क्वचितच लाभते.

तथापि व्याकरण म्हणजे भाषा नव्हे. नळी मोजते तो दाब. वैद्याला हवे असते ते जवनिकेतील रक्ताचे आकारमान. या दोहोंमध्ये स्नायूचा ताठरपणा उभा असतो. रक्तपुरवठा तुटलेली जवनिका ताठर होते आणि थोड्या रक्तानेही दाब चढतो. म्हणून १८ हा अंक एका रुग्णात पुरेशा भरणाचा, तर दुसऱ्यात अपुऱ्या भरणाचाही द्योतक असू शकतो. उजव्या जवनिकेला झटका आला असता बेताचा द्रव उपकारक ठरतो; पण ती अतिरिक्त फुगली की मधला पडदा डावीकडे ढकलला जातो आणि डाव्या जवनिकेची जागाच आक्रसते. संदर्भाविना शब्दाला जसा निश्चित अर्थ नाही, तसाच या अंकालाही नाही.

१९९६ साली कॉनर्स व सहकाऱ्यांनी ५७३५ अत्यवस्थ रुग्णांच्या निरीक्षणात नळीचा वापर व अधिक मृत्यू यांचा संबंध दाखविला. हे निरीक्षण होते, प्रयोग नव्हता. त्यामुळे नळीच मृत्यूचे कारण, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन यादृच्छिक चाचण्यांत नळीने मृत्यू घटल्याचे दिसले नाही, वाढल्याचेही नाही. मात्र त्या खास या शॉकच्या रुग्णांवर झालेल्या नव्हत्या. साधन उपचार करीत नाही. उपचार करते ते त्याचे वाचन, एवढे मात्र त्यांवरून म्हणता येते.

चौकटीचे श्रेय यामुळे उणे होत नाही. तिचा दोष एवढाच, की तिच्या रेषा वाचकाला अंतिम वाटू लागतात. अंक हे उत्तर न मानता प्रश्न मानावा: पाय उंचावून किंवा थोडा द्रव देऊन प्रवाह वाढतो का ते पाहावे, न वाढल्यास, अथवा फुप्फुसांत द्रव साचू लागल्यास, हात आवरावा. मापनाने द्रवाचे नियमन करावयाचे ते असे. अन्यथा ते केवळ अंकांचे पाठांतर ठरते.