नटरंग, साबर बोंडं आणि बॅगेतला शर्ट

समलिंगी मुलाने क्लबमध्ये जाताना काय घालावं, या विषयावर आम्ही बोलणार आहोत हे कळल्यावर आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "अहो, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे काय काढलंत?" आम्ही म्हटलं, हेही तत्त्वज्ञानच आहे. ते कसं, हे आज दोन मराठी चित्रपटांच्या आधाराने पाहू.

आधी प्रश्न नीट मांडू. समजा, राहुरीकडचा एक तरुण आहे, बावीस-तेवीस वर्षांचा. शनिवारी रात्री त्याला पुण्यातल्या एका पार्टीला जायचं आहे. समलिंगी लोकांसाठी बारा महिने चालणारे क्लब आपल्याकडे फारसे नाहीत. एरवीच्या एखाद्या बारमधली एक रात्र तेवढी त्यांची असते. मुंबईत कुलाब्याच्या 'वूडू'मध्ये शनिवारची रात्र अशी वर्षानुवर्षं चालली. म्हणजे जागा एका रात्रीची, कपडेही एका रात्रीचे. या मुलाने एक चमकीचा, जाळीदार शर्ट मागवून ठेवला आहे. तो घालावा का, हा प्रश्न त्याला क्लबच्या दारात पडत नाही, घरातून निघतानाच पडतो. आईला सांगितलंय, मित्राच्या लग्नाला चाललोय. म्हणून अंगात चौकटीचा साधा शर्ट, आणि चमकीचा बॅगेत, टॉवेलच्या खाली. नगरला स्वस्तिक चौकातल्या पुणे स्टँडवर गावाकडचं कुणीतरी भेटणारच. सुपा, शिरूर, रांजणगाव मागे पडतं आणि वाकडेवाडीला उतरून मित्राच्या खोलीवर शर्ट बदलला जातो. डोळ्यांत काजळ जातं. पहाटे परतताना हे सगळं उलट्या क्रमाने.

अमेरिकन तत्त्वचिंतक ज्युडिथ बटलर यांनी 1990 साली 'जेंडर ट्रबल' या ग्रंथात मांडलं की बाईपण आणि पुरुषपण आपण पुन्हा पुन्हा करत असलेल्या कृतींतून घडत जातं. वाचणाऱ्यांनी त्याचा सोपा अर्थ काढला : सकाळी उठायचं, कपाट उघडायचं आणि आज काय व्हायचं ते निवडायचं. 1993 च्या 'बॉडीज दॅट मॅटर'मध्ये बटलर यांना हा गैरसमज खोडावा लागला. कारण निवडणारा माणूस निवड करण्याआधीच समाजाच्या नियमांनी घडलेला असतो. आमच्या मते टॉवेलखालचा शर्ट हेच सांगतो. तो शर्ट कपाटात टांगलेलाच नाही, मग कपाट उघडून निवडणार काय?

आता 'नटरंग'कडे येऊ. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा रवी जाधव यांचा हा चित्रपट 1 जानेवारी 2010 रोजी प्रदर्शित झाला. गुणा कागलकर हा पैलवान गडी तमाशाचा फड उभा करतो. नाच्या हवाच अशी अट पडते, कुणी तयार होत नाही, तेव्हा गुणा स्वतः नाच्या होतो. अतुल कुलकर्णी यांनी या भूमिकेसाठी शरीर घडवलं आणि मोडलंही. अभिनय थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण चित्रपट गुणाचं दुःख कशात पाहतो? तो मुळात 'खरा मर्द' आहे आणि लोक त्याला 'तसला' समजतात, यात. कलावंताची ही शोकांतिका खरीच आहे. गणपत पाटील यांच्यासारख्या संसारी नटालाही नाच्या रंगवल्याबद्दल आयुष्यभर टोमणे ऐकावे लागले. मात्र आमचा प्रश्न पुढचा आहे. गुणा खरोखरच 'तसला' असता तर? त्याच्यावर बलात्कार होतो तेव्हा आपण जितके हळहळतो, तितके हळहळलो असतो का? चित्रपट हा प्रश्न विचारत नाही, आणि आपणही थिएटरमधून बाहेर पडताना तो विचारला नाही. आपली सहानुभूती सशर्त होती.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. संगमनेरच्या कांताबाई सातारकरांनी तमाशात पुरुषभूमिका गाजवल्या. 2021 साली त्या गेल्या तेव्हा त्यांचा गौरवच झाला, आणि तो योग्यच होता. बाईने फेटा बांधला की आपण टाळ्या वाजवतो. पुरुषाने काजळ घातलं की शिट्टी वाजते, आणि ती कौतुकाची नसते. आपल्या मनात पुरुषपण हे बढती आहे आणि बाईपण ही पदावनती, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा चित्रपट रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं'. जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथाचित्रपट विभागाचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. मुंबईला कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो आणि बाल्या या बालमित्राशी त्याचं नातं जुळतं. इथे नखरा नाही, चमक नाही. गावातले कपडे, गावातली भाषा, माळरान. असा चित्रपट मराठीत आधी नव्हता, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो.

तक्रार आहे ती आपल्या दाद देण्याबद्दल. खेळ सुटल्यावर आमच्या पुढे चाललेले एक गृहस्थ म्हणाले, "काही भडक नाही हो, किती सभ्य दाखवलंय!" ही दाद प्रेमाला होती की साध्या शर्टाला? आनंद चमकीचा शर्ट घालून गावात उतरला असता तर ती मिळाली असती का? आणि सुतकाची साधी राहणीही नातेवाईकांनी ठरवून दिलेलीच असते, हे आपण विसरतो. साधेपणाही पोशाखच आहे. फक्त तो नजरेला टोचत नाही.

कुणी म्हणेल, कपड्यांचं एवढं काय? हौसच ती. आपल्या कापड बाजारात एका शालूसाठी अख्खं घर दिवसभर बसतं, तेव्हा त्याला कुणी उथळपणा म्हणत नाही. ज्यांनी आपल्याला पाहावं असं वाटतं, त्यांच्यासाठी माणूस सजतो. या मुलाला तशी एक रात्र मिळते. आणि तिथेही सगळं मोकळं असतं असं नाही. आत गेल्यावर जिमचं शरीर, महागडा ब्रँड, फाडफाड इंग्रजी यांची दुसरी परीक्षा असते. राहुरीचा मुलगा गावात 'बायकी' ठरतो आणि क्लबमध्ये 'गावठी'. हीसुद्धा टीका व्हायला हवी.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे संमतीने, खाजगीत असलेले समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. फार मोठी गोष्ट झाली. पण तिने खोली मोकळी झाली, स्टँड अजून झालेला नाही. शर्टाचा प्रश्न स्टँडवरचा आहे.

आता स्वतःबद्दल थोडं. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वर्गातल्या एका मुलाने स्नेहसंमेलनात लावणी केली. सभागृह डोक्यावर घेतलं मुलांनी. पहिल्या रांगेत बसून आम्हीही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तो तासाला आला तो डोळ्यांत काजळ आणि नखांना रंग तसाच ठेवून. आम्ही फळ्याकडून वळलो आणि म्हणालो, "नाटक काल संपलं." वर्ग हसला. तो उठून नळावर तोंड धुऊन आला आणि शेवटच्या बाकावर बसला. त्यानंतर तो आमच्या तासाला बसला नाही. त्या दिवशी आम्ही बहुधा कांटचं नीतिशास्त्र शिकवत होतो, माणसाला साधन म्हणून वापरू नये वगैरे. रंगमंचावर तो आमच्या करमणुकीचं साधन होता, तोवर तो आम्हाला चालला. माणूस म्हणून समोर बसला तेव्हा चालला नाही. 'नटरंग'च्या प्रेक्षकांवर आम्ही टीका केली, त्या प्रेक्षकांत आम्ही पहिल्या रांगेत होतो.

म्हणून आज कुणी आम्हाला विचारलं, की क्लबला जाताना काय घालू, तर सल्ला देण्याचा अधिकार आम्हाला नाही. शर्ट कोणता ते त्याचं तो ठरवील. आपल्याकडे आहे ती फक्त शेजारची सीट. रविवारी पहाटेच्या पुणे-नगर गाडीत डोळ्यांत थोडं काजळ राहिलेला मुलगा चढला, तर टक लावून पाहू नका, हसू नका, शहाणपणही शिकवू नका. जरा सरका आणि त्याला झोपू द्या.

एवढंच सांगायचं होतं. प्रश्न असतील तर घेऊ.